फिएटचा पेट्रोलचा काटा उठतच नाही (1984 ची पद्मिनी), मदत हवी

धाकटा_फिएटवाला | शुक्रवार, रात्री 11:20

मंडळी नमस्कार. बरीच वर्षं वाचनमात्र होतो, आज पहिल्यांदाच धागा काढतोय, सांभाळून घ्या.

काकांची 1984 ची प्रीमियर पद्मिनी आहे. काका 2019 ला गेले, काकूंनी चावी माझ्या हातात दिली आणि एवढंच म्हणाल्या, विकू नकोस. विकली नाही, उलट गेलं दीड वर्ष तिच्यावर पगार ओततोय. इंजिन झालं, ब्रेक झाले, स्टिअरिंगजवळच्या गिअरच्या दांड्याचे बुश बदलले, गाडी आता मस्त पळते, फक्त पेट्रोलचा काटा मेलाय. चावी ऑन केली तरी डाव्या कोपऱ्यात पडून असतो, टाकी फुल असो नाहीतर कोरडी. परवा सिंहगड रोडला भर संध्याकाळी पेट्रोल संपून बंद पडली, मागून हॉर्नवर हॉर्न आणि शेजारी बायको एकदम शांत. ती शांत बसली की मला जास्त भीती वाटते.

जवळच्या गॅरेजवाल्याने काही न बघता सांगितलं की आख्खा मीटर बदलावा लागेल. बदलू का?

काळीपिवळी | शुक्रवार, रात्री 11:52

काटा? फिएटला पेट्रोलचा काटा असतो हे आम्हाला मोठेपणी कळलं. वडिलांची टॅक्सी होती, दादर ते फोर्ट आयुष्य गेलं, त्यांच्या गाडीचा काटा कायम अर्ध्यावर चिकटलेला. किलोमीटर बघायचे आणि रोज ठराविक पैशाचं पेट्रोल टाकायचं, बास. शेवटची फिएट टॅक्सी ताडदेव आरटीओला 29 ऑक्टोबर 2003 ला रजिस्टर झाली होती, वीस वर्षं भरली आणि 30 ऑक्टोबर 2023 पासून मुंबईत काळ्यापिवळ्या पद्मिनी संपल्या. त्या दिवशी वडील दिवसभर कुणाशी बोलले नाहीत.

असो, मदत काहीच नाही, पण धागा वाचतोय.

गाडी_बुला_रही | शनिवार, सकाळी 7:10

मीटर नका हो बदलू. फ्लोट (टाकीत पेट्रोलवर तरंगणारी दांड्याची डबी) गेला असणार, शंभर टक्के. ऑनलाइन युनिव्हर्सल फ्लोट मिळतो, भोक जुळवून बसवायचा, अर्ध्या तासाचं काम.

साताऱ्याचा_वायरमन | शनिवार, सकाळी 8:35

वरचं ऐकू नका. न मोजता शंभर टक्के म्हणणाऱ्यांमुळेच आमचा धंदा चालतो म्हणा, पण तरी.

युनिव्हर्सलची गोची अशी की प्रत्येक काट्याचा हिशोब ओहममध्ये, म्हणजे रेझिस्टन्सच्या मापात, ठरलेला असतो. बाजारात जे मिळतात त्यातले बरेच 240 ते 33 चे, म्हणजे रिकामी टाकी 240 ओहम आणि फुल 33. जुन्या अमेरिकन जीएम गाड्यांचे 0 ते 90, आणि तिथे रिकामी 0 वर, म्हणजे बरोबर उलटं. तसला बसवलात तर टाकी भरताना काटा खाली जाईल आणि संपताना वर. मीटर आणि फ्लोट ही जोडी आहे, एकाचा जोडीदार परस्पर बदलायचा नाही.

आता नीट वाचा. मीटरकडून एक वायर मागे टाकीवरच्या फ्लोटला जाते. फ्लोटच्या दांड्याला आत एक रेझिस्टन्स आहे, दांडा वरखाली झाला की ओहम बदलतात, आणि तो करंट परत येतो तो टाकीच्या पत्र्यातून बॉडीत आणि बॉडीतून बॅटरीच्या मायनसला. म्हणजे एकूण तीन गिऱ्हाईकं, मीटर, वायर आणि फ्लोट, आणि चौथं अर्थिंग, ज्याला कुणी मोजत नाही.

पहिली टेस्ट फुकट आहे. चावी बंद. फ्लोटवरची वायर काढा, तिला एक लांब वायर जोडा आणि तिचं दुसरं टोक टाकीपासून लांब, बॉडीच्या उघड्या लोखंडाला घट्ट धरून ठेवा. मग कुणालातरी चावी ऑन करायला सांगा. काटा फुलकडे पळाला तर मीटर आणि वायर दोन्ही चांगले, काही विकत घ्यायचं नाही. पाच सेकंद पुरे, लगेच बंद करा. आणि जोडणं सोडणं सगळं चावी बंद असतानाच, टाकीच्या तोंडाशी ठिणगी पाडायचा उद्योग नको. टाकी उघडी असेल तर ही टेस्टच करू नका.

काटा पटकन उठतो की हळूहळू चढतो तेही बघून सांगा.

मिडलँड्सकर | शनिवार, दुपारी 1:05

वायरमनसाहेबांनी शेवटी जे विचारलंय ते महत्त्वाचं आहे, त्यावर थोडी भर. मी इंग्लंडात असतो, माझ्याकडे 1972 ची एमजीबी आहे, म्हणजे माझं दुखणं वेगळं पण घराणं तेच. आमच्या मीटरमध्ये बायमेटलची (दोन धातू चिकटवलेली) पट्टी असते, ती तापून वाकते आणि काटा ढकलते, त्यामुळे चावी फिरवल्यावर काटा आजारातून उठल्यासारखा सावकाश वर येतो. या प्रकाराला डॅशबोर्डमागे एक छोटी डबी लागते, व्होल्टेज स्टॅबिलायझर. ती 12 व्होल्ट चालू बंद चालू बंद करत सरासरी 10 व्होल्ट देते. मी पहिल्यांदा मल्टिमीटर लावला तेव्हा आकडे नाचताना बघून मल्टिमीटरच बिघडला असं वाटून नवा आणला, तर तोही नाचला :)

त्या डबीचं अर्थिंग सुटलं की ती सरळ 12 व्होल्ट सोडते आणि काटा जास्त दाखवायला लागतो. ज्या गाड्यांत टेंपरेचरचा काटाही त्याच डबीवर असतो तिथे दोन्ही काटे एकदम चढले की डबीचं कान धरायचं. पण धागाकर्त्याचा काटा खाली मेलाय, त्यामुळे हे बहुधा लागू नाही.

धाकटा_फिएटवाला | शनिवार, संध्याकाळी 6:40

केली टेस्ट! मुलीला ड्रायव्हर सीटवर बसवून चावी फिरवायला लावली आणि ती ओरडली "बाबा उडाला!!" मला वाटलं फ्यूज, धावत गेलो, तर काटा. पटकन, एका झटक्यात फुलवर. वायर काढली की परत खाली. म्हणजे मीटर आणि वायर चांगले ना? गॅरेजवाला मीटरचे साडेतीन हजार सांगत होता.

साताऱ्याचा_वायरमन | शनिवार, संध्याकाळी 7:02

चांगले. आणि झटक्यात उठला म्हणजे तुमचा मीटर तापणाऱ्या पट्टीचा नाही, कॉइलवाला आहे, स्टॅबिलायझरचा विषय इथेच संपला. आता फ्लोट बाहेर काढा. गाडी मोकळ्या हवेत, बॅटरीचं मायनस काढून, टाकी जमेल तेवढी रिकामी, आसपास विडीकाडी नको, मोबाईल खिशात नको, लांब ठेवा. झाकणाचे स्क्रू काढायच्या आधी सगळी धूळ झटकून पुसून घ्या नाहीतर ती सगळी टाकीत जाईल. पॅकिंग नवं आणून ठेवा, जुनं परत बसत नाही, बसलं तरी पाझरतं.

बाहेर आला की पुसून कोरडा करून टाकीपासून लांब न्या, मल्टिमीटर ओहमवर, एक पिन वायरच्या टोकाला आणि एक त्याच्याच पत्र्याला. दांडा हाताने हळूहळू वरखाली करा. आकडा सलग बदलला पाहिजे, मधे कुठे उडी नको की गायब नको.

गाडी_बुला_रही | शनिवार, संध्याकाळी 7:30

म्हणजे फ्लोटच ना शेवटी. मी काय वेगळं म्हणालो?

ओहम_शांती_ओहम | रविवार, सकाळी 9:15

फ्लोट काढणारच आहात तर फ्लोटची डबी कानाजवळ धरून हलवा. पितळी असेल आणि बारीक भोक पडलं असेल तर आत पेट्रोल खुळखुळतं. शंका वाटली तर गरम पाण्यात बुडवा, भोक असेल तिथून बुडबुडे येतात. पाणी घरात तापवून बाहेर आणायचं, फ्लोट घरातल्या गॅसजवळ न्यायचा नाही. आणि भोक सापडलं तर घरी डाग मारत बसू नका, आत पेट्रोलची वाफ कोंडलेली असते, त्याला सोल्डरिंग आयर्न लावणं म्हणजे फटाका. नवा घ्या.

अवांतर: मीटरची पक्की परीक्षा घ्यायची असेल तर फ्लोटच्या जागी काहीशे ओहमचं पोटेन्शिओमीटर (रेडिओच्या व्हॉल्यूमसारखं फिरवायचं रेझिस्टन्स) लावा, बुधवार पेठेत किंवा लॅमिंग्टन रोडला मिळतं. फिरवाल तसा काटा फिरतो, अर्धा पाव सगळं तपासता येतं.

धाकटा_फिएटवाला | रविवार, दुपारी 4:25

आता मात्र डोकं चालेना. डिकीतलं सगळं बाहेर काढून, स्क्रूला दोनदा शिव्या घालून फ्लोट काढला. डबी कोरडी, खुळखुळ नाही, गरम पाण्यातही काही नाही. मल्टिमीटर लावला तर दांडा खाली 290 च्या आसपास, वर 8, आणि मधे सलग, एकदाही उडी नाही. म्हणजे फ्लोट एकदम फिट.

परत बसवला, नवं पॅकिंग, सगळं घट्ट, बॅटरी जोडली, चावी ऑन. काटा मेलेला.

मीटर चांगला, वायर चांगली, फ्लोट चांगला, आणि काटा मेलेला. भुताटकी आहे का?

काळीपिवळी | रविवार, दुपारी 4:40

लिंबू मिरची लावली का?

कोल्हापुरी_कार्ब्युरेटर | रविवार, संध्याकाळी 5:30

भावा एक साधा प्रश्न. काटा कधीपासून बंद आहे, आणि तो बंद पडायच्या आधी गाडीवर शेवटचं काम काय केलंस?

धाकटा_फिएटवाला | रविवार, संध्याकाळी 6:05

काका असताना काटा चालायचा, म्हणजे चालायचा असं आठवतंय. मधली तीन वर्षं गाडी उभीच होती. नंतर मी पूर्ण डेंटिंग पेंटिंग करून घेतलं, तेव्हा टाकी पण उतरवली होती, आतून गंज फार होता तो साफ केला, बाहेरून दोन हात काळा रंग मारला, खाली नव्या रबरी पट्ट्या घातल्या. टाकी इतकी सुंदर झालीय की डिकी उघडून पाहुण्यांना दाखवतो. तेव्हापासून काटा बंद आहे, पण पेंटिंगचा आणि काट्याचा काय संबंध म्हणून लिहिलं नव्हतं.

साताऱ्याचा_वायरमन | रविवार, संध्याकाळी 6:09

अहो हे पहिल्या प्रतिसादात सांगायचं!!!

कोल्हापुरी_कार्ब्युरेटर | रविवार, संध्याकाळी 6:20

घावलं चोर. टाकीचं अर्थिंग बॉडीतनं जातंय, आणि तू टाकीला दोन हात रंग मारून रबरावर बसवलीस. टाकी आता गादीवर झोपलीय, बॉडीला शिवतच नाही. बोल्टच्या बुडाखाली पण रंग असणार.

फ्लोट बाहेर काढून त्याच्याच पत्र्यावर मोजलास म्हणून तिथं सगळं बरोबर आलं. तो पत्रा पुढं कुठं जोडलाय हे कोण मोजलं? करंटला परत जायला वाटच नाही, म्हणून मीटरला वाटतंय रेझिस्टन्स लई मोठा आहे, म्हणजे टाकी रिकामी. तुझा मीटर एकदम खरं बोलतोय, त्याला जेवढं दिसतंय तेवढंच.

मल्टिमीटरची एक पिन फ्लोटच्या झाकणाला आणि दुसरी बॉडीच्या चकचकीत लोखंडाला लावून ओहम बघ. एक ओहमच्या आत पाहिजे.

मिडलँड्सकर | रविवार, संध्याकाळी 7:15

इथे हौशी रिस्टोअरवाल्यांत हे नेहमीचं दुखणं आहे. पावडर कोटिंग करून आणलेली गाडी, प्रत्येक नटबोल्ट नवा, आणि निम्मे दिवे लागत नाहीत, कारण रंगाखाली कुठेच लोखंड लोखंडाला लागत नाही. गंजकी होती तेव्हा बिचारी चालायची.

धाकटा_फिएटवाला | रविवार, रात्री 9:50

मोजलं. मल्टिमीटर काहीच दाखवत नाही. ओपन.

मग एक चांगली जाड वायर घेतली, दोन्ही टोकांना लग दाबले, एक फ्लोटच्या झाकणाच्या स्क्रूखाली, दुसरं बॉडीवर, तिथे पॉलिश पेपरने नाण्याएवढा रंग खरवडला. तो खरवडताना हात थरथरला खरं सांगतो, त्या रंगासाठी पेंटरकडे चौदा चकरा मारल्यात. वर ग्रीस लावलं गंज धरू नये म्हणून. चावी ऑन.

उठला!!! काटा उठला मंडळी. वायर पन्नास रुपयांची.

कोल्हापूरकर, वायरमनसाहेब, तुम्हाला दोघांना माझ्याकडून तांबडा पांढरा.

ओहम_शांती_ओहम | रविवार, रात्री 10:05

अभिनंदन! वाखुसा (वाचनखूण साठवली). आता पाच पाच लिटर घालून काटा कुठे येतो ते लिहून ठेवा, नाहीतर परत सिंहगड रोड.

धाकटा_फिएटवाला | मंगळवार, रात्री 10:30

तेच करत बसलोय दोन दिवस आणि नवीन लफडं निघालंय. टाकी कोरडी करून कॅनने मोजून पेट्रोल घातलं. 5 लिटरला काटा जागचा हलला नाही. 10 ला जेमतेम हालचाल. 20 लिटर घातलं, म्हणजे टाकी साधारण अर्धी झाली, तर काटा पावाच्या जरासा वर. पंपावर जाऊन गळ्यापर्यंत भरली तरी फुलला पोचत नाही, पाऊण दाखवतो. म्हणजे कायम कमी दाखवतो.

एक गंमत अजून. ग्लोव्ह बॉक्समध्ये काकांची लाल चोपडी सापडली. प्रत्येक वेळी पेट्रोल भरल्याची तारीख, किलोमीटर, लिटर, पैसे, सगळं बारीक अक्षरात, 1993 पासून. पहिल्याच पानावर वर लिहून खाली दोन रेघा मारल्यात: "काटा पाव = टाकी अर्धी समजणे." म्हणजे हे दुखणं तीस वर्षांचं आहे?

गाडी_बुला_रही | मंगळवार, रात्री 10:48

फ्लोटमध्ये पेट्रोल शिरलं असणार. जड झाला की खाली राहतो, कमी दाखवतो. मी पहिल्यापासून म्हणत होतो फ्लोट.

साताऱ्याचा_वायरमन | बुधवार, सकाळी 8:20

गाडीबुलासाहेब यावेळी विचार बरोबर दिशेने केलात, पण दोन गोष्टी आड येतात. एक, फ्लोट कोरडा आहे, गरम पाण्यात बघून झालंय. दोन, ती चोपडी. गळका फ्लोट भरत जातो, बुडत जातो, त्याचा हिशोब दर महिन्याला बदलला असता. काकांचा हिशोब एका ओळीत वर्षानुवर्षं टिकला, म्हणजे चूक जागची हलत नव्हती. अर्थिंग अर्धवट पकडत असतं तरी कमी दाखवतो, पण ते खड्ड्यागणिक, पावसागणिक बदलतं आणि हेडलाईट लावले की काटा नाचतो.

हलत नाही अशी चूक एकच. दांडा वाकलेला आहे. हातात धरून वरखाली केलात तेव्हा पूर्ण फिरला म्हणून ओहम बरोबर आले, पण टाकीत फ्लोट पेट्रोलवर तरंगतो तेव्हा दांडा जिथे यायला पाहिजे त्याच्या खाली राहतो. पुन्हा काढा आणि नीट बघा, दांडा सरळ आहे की कुठे कोन आहे. असला तर दोन पकडींत धरून जरा जरा वाकवा. एकदम नाही, आणि रेझिस्टन्सच्या डबीवर जोर देऊन तर अजिबात नाही, ती गेली तर चोर बाजार धुंडाळावा लागेल.

नवी_जुनी_गाडी | बुधवार, दुपारी 12:15

धाग्यात घुसतोय माफी. हल्ली पेट्रोलमध्ये 20 टक्के इथेनॉल असतं त्याने फ्लोट, पॅकिंग खराब होतं का?

कोल्हापुरी_कार्ब्युरेटर | बुधवार, दुपारी 1:40

पितळी फ्लोटला फार काही नाही. जुने रबरी पाइप आणि पॅकिंग मात्र फुगतात, चिरा जातात, आणि इथेनॉल पाणी ओढतंय म्हणून महिनोन्महिने उभ्या गाडीच्या टाकीत गंज धरतो. लई जुन्या गाड्यांत लाखेचा हात दिलेला बुचाचा फ्लोट असायचा, अल्कोहोलनं ती लाखच विरघळते. पाइप बदल, गाडी आठवड्यातनं एकदा फिरव. बाकी वेगळा धागा काढ की, इथं आमचा पिक्चर रंगात आलाय.

धाकटा_फिएटवाला | शनिवार, रात्री 11:10

उशीर झाला लिहायला, मधे काकूंकडे गेलो होतो.

फ्लोट परत काढला. वायरमनसाहेब, दंडवत. दांड्याला मधोमध कोन आहे, आणि तो अपघाताने आलेला वाटत नाही. पकडीचे दात उमटलेत दोन ठिकाणी, शेजारी शेजारी, अगदी सारख्या अंतरावर. कुणीतरी सावकाश, मोजून वाकवलाय.

फोटो घेऊन काकूंकडे गेलो. त्यांनी चष्मा लावून बघितलं आणि हसायलाच लागल्या. म्हणाल्या 92 की 93 साली साताऱ्याहून येताना खंबाटकी घाटात रात्री पेट्रोल संपलं होतं, पावसात, मागे आजी आणि माझे दोघे चुलत भाऊ, एक तापाने फणफणलेला. काटा पाव दाखवत होता म्हणे. पहाटे एका ट्रकवाल्याने दोरी बांधून खालपर्यंत आणलं. त्यानंतरच्या रविवारी काका दिवसभर डिकीत डोकं घालून बसले होते, काय करताय विचारलं तर म्हणाले, हा काटा फार आशावादी आहे, त्याला जरा धाक लावतोय.

चोपडी 1993 पासून का सुरू होते ते आता कळलं.

काळीपिवळी | शनिवार, रात्री 11:25

वडिलांना वाचून दाखवलं. म्हणाले, "शहाणा माणूस."

साताऱ्याचा_वायरमन | रविवार, सकाळी 7:45

खंबाटकी आमच्याच वाटेवरची, त्यामुळे जास्तच लागलं. मग केला का दांडा सरळ?

धाकटा_फिएटवाला | रविवार, सकाळी 9:30

पकड हातात घेतली होती. मग तसाच परत बसवला.

ओहम_शांती_ओहम | रविवार, सकाळी 9:41

अहो पण मग काटा चुकीचाच राहिला की! एवढे प्रतिसाद, एवढी टेस्टिंग, आणि शेवटी फुल टाकीला पाऊण? निदान डायलवर एक स्टिकर तरी लावा, गाडी दुसऱ्या कुणी चालवली तर.

धाकटा_फिएटवाला | रविवार, सकाळी 10:05

स्टिकर नाही, चोपडीत काकांच्या ओळीखाली तारीख घालून लिहिलंय: "अर्थिंगची वायर नवी. बाकी वरीलप्रमाणे." बायकोलाही वाचून दाखवलं, ती म्हणाली पाव दिसला की पंप, बाकी मला काही सांगू नका.